भिंगरीच्या फळीची फिन

मामीच्या कारखान्यात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, "शेपर साहेब आहेत का?" मामी हातातला रंधा खालीसुद्धा ठेवत नाही. "नाहीत. आणि यायचेही नाहीत. काय काम होतं?" मग तो माणूस समोरच्या ठेंगण्या बाईकडे नीट बघतो. अंगभर फोमचा पांढरा भुगा, चष्म्याला मागून बांधलेलं रबर, पायात पुरुषी बूट. आपण माती खाल्ली हे त्याच्या लक्षात येतं. मी कोपऱ्यात रेझिन ढवळत असते, मला हसू आवरत नाही, आणि मला हसताना बघून तो आणखीनच ओशाळतो.

कारखाना म्हणायची आपली पद्धत. टायरवाल्याच्या दुकानामागची ती पत्र्याची शेड आहे. समुद्राच्या लाटेवर उभं राहून जायच्या फळ्या आम्ही तिथे बनवतो. फोमचा लांब ठोकळा येतो, मामी रंध्याने आणि घासपेपरने त्याला आकार देते, म्हणजे शेपर तीच, आणि मी त्यावर फायबरचं कापड अंथरून रेझिनचा चिकट रस चढवते. मामी म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची बायको. आधी फळ्या मामा घडवायचा. त्याची कंबर गेली तेव्हा अर्धी घडलेली फळी लाकडी घोडीवर तशीच पडून होती आणि गिऱ्हाईक दारात येऊन बसलं होतं. मामीने रंधा उचलला तो आजतागायत खाली ठेवला नाही. मामा आता पुढच्या खोलीत फुटक्या फळ्यांना ठिगळं लावतो, गिऱ्हाइकांशी गप्पा ठोकतो आणि मामीच्या कामाचं सगळं श्रेय आपल्या शिकवण्याला देतो. मामी त्याला देऊ देते.

मामी शिंप्याच्या घरातली. फळी घडवतानाही तिचं शिंपीपण काही सुटलेलं नाही. माणूस दारातून आत आला की ती त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी खांदे, कंबर आणि पाय बघते. "अंगावर घालून बघितल्याशिवाय कपडा देतो का आपण? मग फळी कशी द्यायची?" हे तिचं ठरलेलं बोलणं. आणि म्हणूनच आमच्याकडे फिन बसवायची जी रीत आहे, ती दुसरीकडे कुठेही नाही. दुसऱ्या कारखान्यांतले लोक या रीतीची टिंगल करतात, ती आमच्या कानावर येते, आणि माझं डोकं फिरतं. मामीच्या कपाळावर साधी आठीसुद्धा पडत नाही.

फिन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. लाँगबोर्ड ही भली लांब फळी असते. तिच्या पोटाला, शेपटीकडे, एकच उभी फिन असते, माशाच्या परासारखी. ती जितकी मागे, तितकी फळी शहाण्यासारखी सरळ धावते. लाट चालू असताना तुम्ही अगदी पुढच्या टोकापर्यंत, म्हणजे नाकापर्यंत चालत गेलात तरी शेपूट जागची हलत नाही. पण अशी फळी वळवायची तर पार शेपटीपर्यंत मागे यावं लागतं, मागचा पाय रोवावा लागतो आणि गुडघ्यातून पीळ द्यावा लागतो. फिन पुढे आणली की फळी मधूनच, जराशा वजनावर वळते. पण मग नाकाकडे गेलात की शेपूट सुटते आणि तुम्ही पाण्यात. चार बोटं इकडे की तिकडे, एवढ्यावर सगळं असतं. बऱ्याच ठिकाणी लांब खाच पाडून त्यात फिन मागे-पुढे सरकवायची सोय करतात. मामीला ते पटत नाही. "खाच कुठे पाडायची ते तरी ठरवावंच लागतं ना? आणि सरकवायची सोय असली की माणूस जन्मभर सरकवतच बसतो." आमच्याकडे फिन रेझिनने कायमची चिकटवतात. चुकली तर घासून, खरवडून काढावी लागते, आणि तशी काढलेली फळी मग कधीच पहिल्यासारखी होत नाही.

तर रीत अशी. फळी कापड चढवून कडक झाली की आम्ही ती ट्रकच्या दोन अर्धवट फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवतो, म्हणजे ती पाण्यावरच्यासारखी डुगडुगते. गिऱ्हाइकाच्या तळव्यांना सुताराची दोरी मारायची निळी पूड लावायची आणि त्याला फळीवर चालायला लावायचं. पुढे जा, मागे ये, वळव. मामी शेपटीशी स्टुलावर बसून बघत राहते. मग उमटलेल्या निळ्या पावलांवरून मागचा पाय कुठे पडतो ते काढायचं आणि त्याच्या हिशेबाने खाली फिनची जागा. आम्ही याला पावलं घेणं म्हणतो. एका बँकेच्या मॅनेजरने "मला नाकावर चालायची फळी हवी" असा हट्ट धरला होता. त्याची पावलं घेतली तर सगळी निळी पूड मधल्या हातभर जागेत. मामी म्हणाली, "साहेब, नाकाला तुम्ही नुसता दुरून नमस्कार केलाय." त्याला मधल्या मापाची फिन बसवली. तो अजून आमचंच गिऱ्हाईक आहे.

आता भिंगरी. भिंगरी म्हणजे मामीची मुलगी, माझी मामेबहीण. हे नाव मामाने ठेवलं, कारण लहानपणी ती एका जागी उभी अशी कोणी पाहिलीच नाही. लाँगबोर्डवर नाकापर्यंत चालत जाणं आणि बोटं टोकाबाहेर काढून उभं राहणं यात तिचा हात धरणारं आमच्या किनाऱ्यावर कोणी नव्हतं. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, उलट बहीण म्हणून मला तिचा हेवाच वाटायचा. लाटांनी कधी तिचा केसही वाकडा केला नाही. आणि ही बया पडली कुठे, तर बँकेच्या जिन्यावर. ओल्या फरशीवर उजवा पाय घसरला, गुडघा फिरला आणि आतलं सगळं फाटलं. ऑपरेशन झालं, पट्टा झाला, कुबडी झाली, मग महिनोन्महिने व्यायाम. हाडांच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की पाण्यात उतरायला हरकत नाही, पण गुडघ्याला पुन्हा पीळ बसला तर दुसरं ऑपरेशन, आणि त्यानंतर पाय नीट वाकेल याची खात्री मी देणार नाही.

हे ऐकून भिंगरीने फक्त पहिलं अर्धं वाक्य घरी आणलं. दुसरं अर्धं मामाने सांगितलं, तो तिच्याबरोबर गेला होता.

मग घरात धुमश्चक्री सुरू झाली. भिंगरीला नवी फळी हवी होती. मामी नाही म्हणत होती. भिंगरी जेवताना विषय काढायची, मामी उठून भांडी घासायला लागायची. भिंगरी म्हणाली, मी दुसरीकडून करून घेईन. हे मात्र मामीच्या वर्मी लागलं. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "ठीक आहे. मी घडवते. पण तुझी पावलं मी घेणार. पाय साथ देतोय असं दिसलं तर फिन बसवीन. नाही दिसलं तर फळी मांडणीवर ठेवून विकून टाकीन, आणि या घरात पुन्हा हा विषय निघणार नाही. कबूल?"

"कबूल," भिंगरी म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मामीने ती फळी जशी घडवली तशी तिने दुसरी कुठलीच घडवली नाही. तळहात फिरवायची, दिवे बंद-चालू करून सावल्या बघायची, पुन्हा घासायची. मी म्हटलं, "मामी, आता पुरे, नाहीतर फळीची पट्टी होईल." तर माझ्यावरच खेकसली. मलाही कापड चढवताना घाम फुटला होता. एरवी मी गाणी म्हणत रेझिन ओढते.

पावलं घ्यायच्या दिवशी सकाळीच मामाने ट्यूबा भरून ठेवल्या होत्या. भिंगरी लांब पायांची ढगळ पँट घालून आली. मी म्हटलं, "अगं, दुमडून घे, निळी लागेल." ती म्हणाली, "लागू दे." तळव्यांना पूड लावली, मामाच्या खांद्याला धरून चढली आणि मग खांदा सोडला.

काय चालली ती! फळी डुगडुगत होती आणि ही एकेक पाऊल दुसऱ्यापुढे टाकत नाकापर्यंत गेली, उभी राहिली, तशीच मागे आली, डावा पाय मधे ठेवला, उजवा थेट शेपटीवर टाकला आणि वळवल्यासारखं अंग फिरवलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. उजवं पाऊल दर वेळी शेपटीवर त्याच जागी. मामाने तर टाळ्याच वाजवल्या. "बघ! माझी पोरगी आहे! तू उगाच जीव खात होतीस तिचा."

मामी स्टुलावर बसून होती. माझ्या मनात आलं, आता तरी बोल की गं चांगलं, तोंडाला काय कुलूप घातलंय? पण ती उठली, तिची मापाची पट्टी शेपटीपासून निळ्या पावलापर्यंत धरली, नखाने खूण केली आणि म्हणाली, "पालथी घाला." भिंगरी खाली उतरली ती सरळ पुढच्या खोलीत गेली. मामा तिच्यामागोमाग चहा टाकायला गेला.

आम्ही दोघींनी फळी उचलून घोड्यांवर पालथी घातली. आता पोट वर, निळी पावलं खाली जमिनीकडे. मामीने मधली रेघ ओढली, पट्टीवरची खूण उतरवली. जागा पार मागे होती. नाकावर चालणाऱ्याची जागा. ताज्या दमाच्या गुडघ्याची जागा. तिने फिन उभी केली, गुण्या लावून काटकोन तपासला, चटकन सुकणाऱ्या गोंदाचे थेंब लावून ती तात्पुरती टेकवली. माझं काम आता सुरू. मी फायबरचे पट्टे कापून ठेवले होते. कपात रेझिन ओतलं, हार्डनर घातला आणि ढवळायला लागले. हार्डनर पडला की मागे फिरणं नाही. कपभर चहा गार व्हायला लागतो तेवढाच वेळ हातात असतो, मग रेझिन आधी गरम होतं आणि मग दगड.

"मामी, झालं ढवळून. पट्टे दे."

मामी हलेना. ती फिनकडे बघत होती, मग पुढच्या खोलीच्या दाराकडे. मग म्हणाली, "उतरताना ती कुठल्या पायावर उतरली?"

"मी कशाला बघू? मामी, रेझिन!"

"डाव्यावर उतरली. आणि आधी हात टेकला."

"बरं मग?"

मामीने गुडघे टेकले, हात टेकले आणि ती सरळ जमिनीवर आडवी झाली. भुशात, उताणी, आणि गाडीखाली मेकॅनिक सरकतो तशी फळीखाली सरकली. नुसते बूट बाहेर. मी हातात कप घेऊन उभी. मला हसावं की ओरडावं कळेना. "अगं काय करतेस काय? घट्ट व्हायला लागेल हे!"

"बॅटरी दे."

मी पायानेच बॅटरी तिच्याकडे ढकलली. खालून उजेड हलताना दिसत होता. कप माझ्या तळव्याला कोमट लागायला लागला होता.

"टाच," मामी खालून म्हणाली. "नुसती टाच उमटलीये गं. उजव्या पायाची. चवडा कोरडा आहे. गुडघा वाकवून पाय रोवला की पूड चवड्याखाली जाते, आणि आतल्या कडेला. ही ताठ पायाने उभी होती. काठीसारखी. सगळं वजन डाव्यावर. डाव्याचं पाऊल बघ, पार फरपटलंय."

तिने सांगितल्याबरोबर मलाही ते दिसलं, तिचं चालणं, तो ताठ पाय, ती ढगळ पँट. आणि आम्ही कौतुकाने बघत होतो.

मामी फळीखालून बाहेर आली. केसात, पाठीला भुसा. ती दाराकडे वळून इतक्या जोरात ओरडली की टायरवाल्याचा पंपसुद्धा थांबला. "भिंगरे! इकडे ये!"

भिंगरी आली. तिच्या हातात चहाचा कप होता. मामाही दारात येऊन उभा राहिला. भिंगरीने मामीकडे बघितलं, पाठीवरचा भुसा बघितला, आणि तिचा चेहरा उतरला. पण ती कसली कबूल करतेय. "काय झालं?"

"कप ठेव. इथे उभी राहा. फळीवर राहतेस तशी. डावा पुढे."

"झालीत ना घेऊन पावलं?"

"उभी राहा म्हणते ना!"

भिंगरी उभी राहिली, हाताची घडी घालून, मान ताठ. मामी तिच्यासमोर गेली, तिच्या कमरेच्या पट्ट्यात डाव्या हाताची मूठ घातली, जणू पँट वर ओढून देतेय, आणि पुढच्याच क्षणी उजव्या हाताने तिच्या छातीवर धाडकन धक्का मारला.

मी किंचाळले. मामा "अगं ए!" म्हणत धावला. भिंगरी मागे कलंडली, उजवा पाय सावरायला मागे गेला, पण गेला किती? वीतभरसुद्धा नाही. टेकला आणि गुडघ्यातून लटकन दुमडला. ती खाली आदळलीच असती, पण मामीची मूठ पट्ट्यात पक्की होती. मामीने तिला धरून ठेवली, तसंच, दोघी नाकाला नाक लावून.

"हे तुझं खरं पाऊल," मामी म्हणाली. "खरं पाऊल हे आहे. मग मघाशी कोणाची पावलं दिलीस मला?"

"सोड मला!"

"मी फिन तिथे मागे चिकटवली असती. तू पाण्यात गेली असतीस. फळी वळली नसती, तू त्या पायावर पीळ दिला असतास आणि..."

"मग काय करायला हवं होतं मी?" भिंगरी ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "खरी चालले असते तर तू फळी विकून टाकली असतीस! तूच म्हणालीस! मांडणीवर ठेवीन म्हणालीस! मी घरात रोज आरशासमोर चालून चालून बसवलं ते. गोळी घेऊन आले सकाळी. एवढं करून तू..." तिने मामीचा हात झटकला. "तुला पायच बघायचे असतात ना सगळ्यांचे! घे, बघ!" आणि तिने पँट वर ओढली. आत पट्टा होता, पोटरीपासून मांडीपर्यंत आवळलेला, आणि त्याच्या वर आणि खाली पाय सुजलेला.

तेवढ्यात माझ्या हाताला चटका बसला. कप तापला होता आणि त्यातून धूर निघत होता. मी पळत जाऊन तो बाहेर वाळूच्या ढिगात फेकला आणि स्वतःला, कपाला, भिंगरीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. खरं सांगते, मला दोघींचाही संताप आला होता. एकीने अट घातली होती तोंड वर करून, आणि दुसरीने ती अट पाळण्यासाठी पाय पणाला लावला होता. घरातल्या घरात एवढी सोंगं कशाला लागतात माणसांना?

आत आले तेव्हा मामी स्टुलावर बसली होती. चष्मा काढून हातात धरलेला. मामाने भिंगरीला उलट्या ड्रमवर बसवलं होतं.

"चूक माझी आहे," मामी म्हणाली. ती हे भिंगरीला म्हणत होती, पण बघत होती जमिनीकडे. "बाहेरच्या माणसाला मी कधी अट घालत नाही. तो चालतो तशी फळी देते. तो बँकवाला मधे अडकला होता तर त्याला मी काय म्हटलं, तुम्हाला फळी नाही देत म्हणून? आणि पोटच्या पोरीला म्हटलं, नीट चाललीस तर देईन." तिने नाक ओढलं. "मग ती खोटंच चालणार ना. मी असते तर मीही चालले असते."

मामाने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून मिटलं.

मामी उठली. घोड्यांजवळ गेली आणि टेकवून ठेवलेल्या फिनला तळहाताचा फटका मारला. टच्च करून ती निघाली. मागची रेघ तिने अंगठ्याने पुसून टाकली. मग कानामागची पेन्सिल काढून भिंगरीपुढे धरली.

"फळी तुझी आहे. पाय कसाही असला तरी तुझीच. अट-बिट काही नाही. कुठे बसवायची ते तू सांग. तू काढशील त्या रेघेवर बसवीन, एक शब्द बोलणार नाही. पण या वेळी तुझा पाय विचारून काढ."

भिंगरीने पेन्सिल घेतली. ड्रमवरून उठताना ती लंगडली, आणि तिने ते लपवलं नाही. पालथ्या फळीजवळ येऊन शेपटीवर हात ठेवला. मामी मघाशी धक्का मारून जे समजली होती, त्यावरून तिने मनात एक जागा धरली असणार, कारण तिची नजर आधीच तिथे जाऊन थांबली होती. भिंगरीचा हात त्या जागेवर आला. मला वाटलं, इथे. पण हात थांबला नाही. आणखी पुढे सरकला. आणखी पुढे. मामीच्या नजरेच्याही पुढे चांगली वीतभर.

तिने रेघ ओढली. बारीक, पण सरळ.

आमच्यापैकी प्रत्येकाला त्या रेघेचा अर्थ कळत होता. एवढ्या पुढे फिन असलेल्या फळीवर कोणी नाकापर्यंत चालत जात नाही. गेलं तर शेपूट सुटणार. मोठी, उभी लाटही घेता येत नाही. मधे उभं राहायचं आणि कमरेच्या जोरावर हळूहळू वळायचं, एवढंच. भिंगरीने एका रेघेत स्वतःचं नाकावरचं चालणं काढून टाकलं होतं. आणि मामीला हेही कळलं होतं की गुडघा तिच्या अंदाजापेक्षाही वाईट आहे.

"इथे?" मामीने विचारलं.

"इथेच."

"बरं."

शब्द दिल्याप्रमाणे मामी त्याहून जास्त काही बोलली नाही. तिने मला डोळ्याने खुणावलं. मी नवा कप घेतला, रेझिन ओतलं, हार्डनर मोजून घातला. मामाने कप धरला. मामीने रेघेवर फिन उभी केली, गुण्या लावला. गोंदाची बाटली रिकामी झाली होती. "धरून ठेवावी लागेल," ती म्हणाली. भिंगरीने हात पुढे केला. मामीने तिच्या हातात रबरी हातमोजे चढवले, आणि दोघींनी दोन बाजूंनी फिन धरली. मी मुळाशी रेझिनमध्ये भिजवलेली फायबरची दोरी दाबून बसवली, मग दोन्हीकडून पट्टे, एकावर एक, बुडबुडे बोटाने काढत. माझ्या सबंध आयुष्यात मी एवढं स्वच्छ काम केलेलं नाही. फिन जरा जरी कलली असती तर मी रडले असते.

झालं. आता नुसतं थांबायचं होतं. दोघी समोरासमोर वाकून उभ्या होत्या, मधे फिन. मामा चहा गरम करतो म्हणून निघून गेला, पण खरं तर त्याला डोळे पुसायचे होते. वास ओढून घेणारा पंखा भिंतीत घरघरत होता.

बराच वेळ गेला. मग भिंगरी काहीतरी म्हणाली, पंख्यात ते ऐकू आलं नाही.

"काय?" मामी म्हणाली.

"जिना चढतानाही दुखतो गं, आई."

"कधीपासून?"

"थांबलाच नाही कधी. रात्री कुशीवर वळलं तरी दुखतो. मी डॉक्टरांनाही बरं आहे म्हणून सांगितलं."

मामीचे हात रेझिनने माखलेले होते, तिला लेकीला जवळ घेता येत नव्हतं. तिने पुढे वाकून कपाळ तिच्या खांद्याला टेकवलं. "आणखी कधी दुखतो? सगळं सांग. एकेक करून सांग."

भिंगरी सांगायला लागली. बसताना, उठताना, थंडीत, बसची पायरी चढताना. फिन केव्हाच पक्की झाली होती. "सोडा आता, बसली," असं सांगायचं काम माझं होतं, पण मी सांगितलं नाही. मामीला नीट ऐकू यावं म्हणून मी जाऊन पंखा बंद केला.